छत्तीस नंबरचा बर्थ कोणाचा? टीसीच्या हातातल्या टॅबचा एक प्रकरण अभ्यास

गाडी १२१०५, विदर्भ एक्सप्रेस, मुंबई सीएसएमटी ते गोंदिया. स्लीपरचा एस-४ डबा, बर्थ ३६, खालचा. आरक्षण सीएसएमटी ते नागपूर. संध्याकाळी गाडी हलली तेव्हा या बर्थवर कोणी नव्हतं. त्याच वेळी एस-२ मध्ये २३ नंबरच्या साइड लोअरवर दोन अनोळखी माणसं गुडघे आखडून बसली होती. दोघांचंही तिकीट आरएसी, म्हणजे गाडीत बसायची हमी, पण एका बर्थवर दोघं. एकाला अकोल्याला उतरायचं होतं, दुसऱ्याला वर्ध्याला.

डब्यांचे आणि बर्थचे नंबर मी मांडणीसाठी घेतले आहेत. मार्ग, नियम आणि टीसीच्या हातातलं यंत्र मात्र खरं आहे, आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या गर्दीत असा प्रसंग या मार्गावर नवा नाही. मला तपासायचं आहे ते एवढंच: ३६ रिकामा आहे ही खबर २३ पर्यंत पोचते का, कधी पोचते आणि कोणाच्या मर्जीने?

कागद होता तेव्हा

रेल्वेचं आरक्षण संगणकावर यायला १९८५ मध्ये दिल्लीत सुरुवात झाली. १९९९ पर्यंत देशभरची आरक्षण केंद्रं एकमेकांना जोडली गेली, म्हणजे नागपूरच्या खिडकीवर बसून हावडा-चेन्नईचं तिकीट काढता येऊ लागलं. पण गाडी सुटली की हा सगळा संगणक फलाटावरच राहायचा. गाडीत चढायचा तो चार्ट: भोकाभोकांच्या लांबलचक कागदावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने छापलेली नावं. त्यावर टीसी पेनाने खुणा करत जायचा. कोण आलं, कोण नाही, कोणाला कुठे बसवलं, हे सगळं त्या कागदावर आणि टीसीच्या डोक्यात. प्रवास संपला की कागद कचेरीत जमा. तोवर गाडीत काय चाललंय याची संगणकाला गंधवार्ता नसायची.

आमच्या प्रकरणात याचा परिणाम काय झाला असता? एका टीसीकडे दोन-तीन डबे असतात. एस-४ ज्याच्याकडे आहे त्याला ३६ रिकामा दिसला. एस-२ मधल्या माणसाचा आरएसी क्रमांक पहिला आहे हे छापील यादीत कुठेतरी असेलही, पण ती यादी उलगडून, दोन डबे ओलांडून त्या माणसाला शोधत जाण्याची सवड कोणाला? बर्थ मिळायचा तो समोर उभ्या असलेल्याला. म्हणूनच आरएसीवाल्यांची एक ठरलेली परिक्रमा असायची. बॅग शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवायची आणि टीसी जिथे असेल तिथे गाठायचं.

"साहेब, काही होईल का?"

"कल्याण जाऊ द्या. मग बघू."

कल्याण जायचं, इगतपुरी जायचं, आणि कधीकधी नाशिक रोडलाही "बघू"च चालू असायचं. यात प्रत्येक वेळी चहापाण्याचा मामला असतो असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा तो निव्वळ माहितीचा घोटाळा होता. रांग होती सबंध गाडीची आणि रिकामी जागा दिसायची डब्याडब्यापुरती. पण जिथे माहिती एकाच माणसाच्या हातात असते तिथे संशय आपोआप उगवतो, आणि प्रामाणिक टीसीलाही त्याची झळ बसते.

टॅब आला

रेल्वेत याला एचएचटी म्हणतात, हँड-हेल्ड टर्मिनल. प्रवाशांच्या भाषेत टॅब. त्यामागची प्रणाली क्रिस या रेल्वेच्याच संगणक संस्थेची. आरक्षणाची यंत्रणाही तिचीच. गाडी सुटण्याआधी चार्ट टॅबमध्ये उतरतो. टीसी प्रत्येक बर्थसमोर आला किंवा नाही अशी नोंद करतो, आणि मोबाइल नेटवर्कवरून ती नोंद मध्यवर्ती सर्व्हरला जाते. रिकामा ठरलेला बर्थ आधी आरएसीच्या, मग वेटिंगच्या क्रमाने दिला जातो. तरीही उरला तर पुढच्या स्टेशनावरच्या बुकिंगसाठी खुला होतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये रेल्वेने आकडे दिले होते. तेव्हा १,३९० गाड्यांमध्ये १०,७४५ टॅब वापरात होते, आणि आधीच्या चार महिन्यांत रोज सरासरी ५,४४८ आरएसीवाल्यांना आणि २,७५९ वेटिंगवाल्यांना टॅबमधून पक्का बर्थ मिळाला होता. बातमीत हे आकडे भरघोस दिसतात. भागाकार करून पाहिला तर दर गाडीमागे दिवसाला सहाच्या आसपास माणसं येतात. २०१७ पासून स्लीपरच्या एकेका डब्यात सात साइड लोअर, म्हणजे चौदा माणसं आरएसीसाठी धरली जातात. त्या हिशेबाने सहा म्हणजे अर्धा डबाही नाही. शिवाय या सहांतल्या काहींना जुन्या पद्धतीतही, टीसीच्या पेनाने, बर्थ मिळालाच असता. म्हणजे टॅबने गाडीत नवे बर्थ उगवले नाहीत. बर्थ कोणाला द्यायचा याचा क्रम पक्का झाला आणि तो पुसता येईनासा झाला. माझ्या मते टॅबची कमाई ती हीच, आणि ती लहान नाही.

वेटिंगचा आकडा पाहून काहींना प्रश्न पडेल. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, मग गाडीत वेटिंगवाले येतात कुठून? तेव्हा ते यायचे दोन वाटांनी. एक, खिडकीवर काढलेलं कागदी तिकीट. दुसरी वाट घरोघरच्या ओळखीची: एकाच पीएनआरवर चौघं, तिघांचं पक्कं आणि चौथा वेटिंगवर. असं तिकीट रद्द होत नाही. चौथा माणूस गाडीत येतो आणि आईच्या पायाशी बसून रात्र काढतो. त्याच्यासाठी ही रांग कागदाच्या काळात जवळजवळ नव्हतीच.

तिकीट विकायचं यंत्र की मोजायचं?

एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं यंत्र सगळ्यांनी पाहिलंय. ट्रे आणि पंच गेले, त्यांच्या जागी पोटात छपाईचा रोल असलेलं यंत्र आलं. ते तसंच असायला हवं, कारण एसटीत बहुतेक प्रवासी तिकीट कंडक्टरकडूनच काढतात, आणि पुढचा थांबा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडून व्हायला हवीत. ब्रिटिश रेल्वेनेही १९८०च्या दशकात गार्डांना स्पोर्टिस नावाचं जवळ बाळगायचं तिकीटयंत्र दिलं ते त्याच गरजेतून. खेड्यापाड्यांच्या मार्गांवर तिकीटखिडकीच नसलेली स्टेशनं होती, तेव्हा विक्री गाडीतच व्हायला हवी होती. पुढे त्या यंत्राची जागा अवांटिक्स मोबाइलने घेतली.

आपल्या लांब पल्ल्याच्या आरक्षित डब्यात चित्र उलटं आहे. ७२ किंवा ८० बर्थ, आणि जवळजवळ सगळ्यांचे पैसे आधीच भरलेले. टीसीचं मुख्य काम मोजणीचं आणि वाटपाचं. त्यासाठी छपाईच्या यंत्रापेक्षा मोठा पडदा लागतो, ज्यावर सबंध डब्याची यादी एका नजरेत दिसेल. म्हणून टॅब. जनरल डब्यात, जिथे खरोखर तिकीट विकायला वाव आहे, तिथे गर्दीतून आत शिरायचीच पंचाईत.

विक्री होते ती कडेकडेने. जनरलचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये बसलेला, बिनतिकिटाचा, किंवा ठरल्यापेक्षा पुढे जाऊ पाहणारा. रेल्वे कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे अशा प्रवाशाकडून भाडं आणि वर तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यांतलं जे जास्त असेल ते घेतात. याची पावती आजवर कार्बन घातलेल्या पावतीपुस्तकावर फाटायची. अंतर कोष्टकात बघायचं, भाड्यातला फरक काढायचा, दंड मिळवायचा, हलत्या डब्यात उभ्याने लिहायचं. ड्यूटीवर चढताना टीसीने खिशातली स्वतःची रोकड किती हे लिहून द्यायचं असतं, म्हणजे दक्षता पथकाने अचानक झडती घेतली तर सरकारी आणि खासगी पैसे वेगळे करता यावेत. दंड यूपीआयवर थेट रेल्वेच्या खात्यात गेला की त्या व्यवहारापुरता हा प्रश्नच मिटतो. प्रवाशाला यात काही विशेष वाटत नाही, पण टीसीच्या डोक्यावरचं मोठं ओझं त्याने हलकं होतं.

गैरहजरीची खूण कधी करायची?

आता पुन्हा ३६ नंबरकडे. हे प्रकरण खरं अडतं ते इथे.

सीएसएमटी सुटलं. बर्थ रिकामा. टीसी एस-४ मध्ये पोचेपर्यंत दादर गेलेलं असतं, बहुधा ठाणंही. ३६वाला आला नाही असं टॅबवर दाबायचं का?

मुंबईतून विदर्भात जाणाऱ्या माणसाची एक जुनी सवय आहे. तिकीट काढायचं सीएसएमटीचं आणि गाडी पकडायची कल्याणला. डोंबिवली-बदलापूरला राहणारा माणूस सामान घेऊन उलटा सीएसएमटीला का जाईल? तिकीट काढताना पहिलं स्टेशन टाकलं की झालं, अशी समजूत. कागदाच्या काळात ही सवय चालून जायची, कारण टीसीलाही ती ठाऊक होती. "कल्याण जाऊ द्या" या उत्तरामागे टोलवाटोलवी होती तसा हा व्यवहारही होता. नियम काही म्हणो, ५०-५५ किलोमीटर बर्थ मोकळा ठेवायचा असा अलिखित करार.

टॅबमध्ये अलिखित काही राहत नाही. ठाण्याच्या आत खूण केली तर बर्थ रांगेत जातो आणि एस-२ मधल्या पहिल्या आरएसीवाल्याला मिळतो. तो बॅग उचलून एस-४ मध्ये येतो, चादर पसरतो. कल्याणला खरा तिकीटधारक चढतो, बायको-पोरांसह, हातात सीएसएमटीचं पक्कं तिकीट. आता भांडण. दोघांकडेही हक्क आहे. एकाचा तिकिटावर छापलेला, दुसऱ्याचा टॅबवर नोंदलेला. नियमाने कल्याणवाल्याची बाजू लंगडी आहे, कारण आरक्षण ज्या स्टेशनापासून आहे तिथून तो चढलेला नाही. पण पूर्ण पैसे भरलेल्या, पोराबाळांसह उभ्या माणसाला हे डब्याच्या दारात समजावून सांगायचं काम कोणत्याही टॅबमध्ये नाही.

उलट बाजू बघा. टीसीने शहाणपणा करून कल्याणपर्यंत वाट पाहिली आणि तिथेही कोणी आलं नाही. कल्याणहून सुटल्यावर तो गर्दीतून वाट काढत पुन्हा एस-४ मध्ये येईपर्यंत गाडी कसाऱ्याच्या दिशेने लागलेली. कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडली जातात आणि १:३७ च्या चढाचा थळ घाट सुरू होतो. बोगदे, दऱ्या, आणि नेटवर्कची उघडझाप. चार्ट टॅबमध्ये आधीच उतरलेला असतो, त्यामुळे तपासणी थांबत नाही. पण खूण सर्व्हरपर्यंत पोचली नाही तर रांग पुढे सरकत नाही. इगतपुरीच्या पुढे सपाटीवर नेटवर्क स्थिर झालं की नोंद जाते. नाशिक रोडला तिकीट मागणाऱ्याला हा बर्थ मिळायचा असेल तर आता हातात वेळ थोडाच उरला. आणि २३ नंबरवरचे दोघं तोवर तीनेक तास बसून.

म्हणजे यंत्र कितीही चपळ असो, या प्रकरणाचा निकाल लागतो तो एका बोटाने दाबलेल्या खुणेच्या वेळेवर. ती ठाण्याला दाबली तर कल्याणवाला उपाशी, इगतपुरीला दाबली तर आरएसीवाला. माझं मत आरएसीवाल्याच्या बाजूने आहे. कल्याणवाल्याकडे साधा उपाय आहे: वेळेत चढण्याचं स्टेशन बदलून घेणं. ऑनलाइन तिकिटावर ते घरबसल्या होतं. पुढचं स्टेशन घेतलं म्हणून भाड्यातले पैसे परत मिळत नाहीत, आणि एकदा बदललं की मूळ स्टेशनावरून चढायचा हक्क जातो, एवढं लक्षात ठेवायचं. आरएसीवाल्याकडे मात्र बसून राहण्यापलीकडे करण्यासारखं काहीच नाही.

तरीही रेल्वेने लोकांच्या सवयीला दोष देऊन मोकळं होऊ नये. मुंबईतून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना "तुम्ही कुठून चढणार?" हा प्रश्न ठळक विचारला आणि दादर, ठाणं, कल्याण हे पर्याय समोर ठेवले, तर यातली निम्मी भांडणं उगवणारच नाहीत.

या खुणेचा आणखी एक उपयोग आहे, तो फारसा बोलला जात नाही. जो प्रवास करू शकला नाही त्याने परताव्यासाठी दावा टाकला, तर तो खरंच गाडीत नव्हता याची खात्री करावी लागते. पूर्वी त्यासाठी तो कागदी चार्ट हुडकावा लागे. आता ३६ समोरची वेळेसह झालेली नोंद सर्व्हरवरच सापडते.

मजबुती कशाची?

अशा यंत्रांच्या जाहिरातीत दोन गोष्टी हमखास असतात. एक आयपी क्रमांक: आयपी-६७ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. दुसरी अमेरिकी लष्कराची एमआयएल-एसटीडी-८१० ही चाचणी. तिच्यात वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात, कारण चौकोनी वस्तूला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे, मिळून २६. रेल्वेच्या डब्यात ही मजबुती लागतेच. एक हात शिडीला, दुसऱ्यात टॅब, खांद्याला बॅग, आणि सांधे बदलताना गाडी हिसका देणार. टॅब पडणार हे धरूनच चालायचं.

पण विदर्भाच्या मार्गावर मला पडण्यापेक्षा उन्हाची धास्ती जास्त वाटते. बाजारातल्या अनेक साध्या टॅबना बनवणाऱ्यांनीच भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश घातलेली असते. कारखान्यांसाठी बनवलेली यंत्रं बहुधा ५० अंशांपर्यंत चालतात. परतीची १२१०६ गोंदियाहून दुपारी निघते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा स्लीपरच्या पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. तापलेला टॅब आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंदच पडतो. त्यात लांबच्या ड्यूटीला पुरेल एवढी बॅटरी लागते, आणि ती संपली तर टीसीला प्रवाशांच्याच खाचेत चार्जर लावून उभं राहावं लागतं. नवी यंत्रं घेताना किती उंचीवरून पडून वाचतं याआधी मी किती अंशांत चालतं ते विचारलं असतं.

अकोल्यानंतर

समजा खूण कल्याणनंतर झाली आणि घाटाच्या वर ती पोचली. पहिला आरएसीवाला ३६ वर आला. मागे २३ वरच्या वर्धेकराला अख्खा साइड लोअर मिळाला. एका रिकाम्या बर्थने दोन माणसांची पाठ टेकली. भुसावळ दोघांनी झोपेत ओलांडलं.

पहाटे अकोला. ३६ वरचा आरएसीवाला उतरला. मूळ आरक्षण नागपूरपर्यंत होतं, म्हणजे पुढचे अडीचशेएक किलोमीटर बर्थ पुन्हा रिकामा. टॅबवर तो मोकळा झाला की बडनेऱ्याला कोणीतरी त्याचं तिकीट काढू शकतो, किंवा जनरलमधून आलेल्या एखाद्याकडून टीसी फरक घेऊन त्याला तिथे बसवू शकतो. रेल्वेला या बर्थचे सीएसएमटी ते नागपूरचे पैसे न आलेल्या माणसाकडून आधीच मिळालेले आहेत. अकोल्यापर्यंतचे आरएसीवाल्याने दिले. अकोल्यापुढचे आता तिसरा देईल.

आणि त्या दोघा आरएसीवाल्यांनी? आरएसीचं भाडं पूर्ण बर्थचं असतं. मुंबईपासून घाट चढेपर्यंत दोघं एका बर्थवर बसून आले, दोघांनीही पूर्ण पैसे भरून. कागदाच्या काळात रेल्वे म्हणू शकत होती की कोण कुठवर बसून आलं याचा हिशेब कोण ठेवणार. आता कोणाला बर्थ कधी मिळाला याची वेळ टॅबनेच नोंदवून ठेवली आहे, म्हणजे तो कुठल्या स्टेशनापर्यंत बसून होता हे काढणं फार तर एका वजाबाकीचं काम. त्या किलोमीटरांचं अर्धं भाडं परत करायला यंत्राची अडचण नाही. फक्त तसा नियम करावा लागेल.